लाइट बिल शून्य होईल, असं कुणी म्हणालं तर

ठाण्यात राहायला येऊन महिना होत नाही तोच बेल वाजते. दारात एक चुणचुणीत मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, शर्टावर कुठल्याशा एनर्जी कंपनीचा पिवळा सूर्य. "काका, लाइट बिल किती येतं? शून्य करून देतो. फक्त ग्राहक क्रमांक सांगा, मोबाइलवर एक ओटीपी येईल तो सांगा, बाकी सगळं आमच्याकडे."

मी वर्तकनगरच्या बाजूला बेचाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गेल्या तीन वर्षांत असे सात जण आमच्या ऑफिसात चहा पिऊन गेले. त्यातल्या एकाशी करार होता होता राहिला आणि वर्षभराने दुसऱ्याशी झाला. ही मुलं वाईट नसतात, त्यांना टार्गेट असतं. सोलर हा धंदाही खोटा नाही. पण समोरचा माणूस बरा वाटतो की नाही यावरून काहीच ठरत नाही, हे मला उशिरा कळलं. आता मी एकच कसोटी लावतो: हा सांगतोय ते मला याला वगळून दुसरीकडून तपासता येतं का? बिलातून, सरकारी यादीतून, कराराच्या कागदातून, आधीच्या गिऱ्हाइकाकडून? तपासता येतं तेवढंच खरं धरायचं, उरलेलं चहाबरोबर सोडून द्यायचं.

आधी बघा, विकतंय कोण

वीज हा कुणीही दुकान थाटून विकावा असा माल नाही. वीज कायदा २००३ प्रमाणे वितरणाला परवाना लागतो आणि आपल्याकडे तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग देतो. घाटकोपर, अंधेरीकडून इकडे आलेल्यांची गल्लत इथेच होते. तिकडे उपनगरात अदानी की टाटा असं घरगुती ग्राहकालाही निवडता येतं. मुलुंड-भांडुप लागलं की महावितरण सुरू होतं. ठाणे शहरात आणि नवी मुंबईत घरची वीज महावितरणचीच. कळवा, मुंब्रा, शिळ या पट्ट्यात १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवर काम बघते, भिवंडीत तर २००७ पासून. पण ती फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने. बिलावर नाव वेगळं दिसलं तरी दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच असतात. त्यामुळे "आमच्या कंपनीकडे या, युनिटमागे दोन रुपये कमी लावू" असं कुणी दारात म्हणालं, तर पहिला प्रश्न दराचा नाही, परवान्याचा आहे.

या भागासाठी समांतर परवाना मिळावा म्हणून अदानींच्या कंपनीने २०२२ मध्ये अर्ज केला होता. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप केला तो त्याच मुद्द्यावर. म्हणून "आता इथेही कंपनी बदलता येते" हे वाक्य ऐकायला पटण्यासारखं वाटतं. अर्ज करणं वेगळं, परवाना मिळणं वेगळं. आयोगाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची माहिती असते. तिथे कंपनीचं नाव सापडलं पाहिजे आणि परवान्याच्या क्षेत्रात तुमचा भागही सापडला पाहिजे. दोन्ही सापडलं तर पुढे बोला.

पाइप गॅसचं आणखी सोपं. ठाणे-नवी मुंबईत घरगुती पाइप गॅस महानगर गॅसचा. अर्ज आणि पैसे कंपनीच्या अधिकृत मार्गाने. कुणी जिन्यात उभं राहून कनेक्शनसाठी रोख मागितली की दार लावा.

आणि तो प्रसिद्ध मेसेज: "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." खाली कुणाचा तरी खाजगी मोबाइल नंबर. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, रात्री साडेनऊचा मुहूर्त कुणी काढत नाही. शंका आली तर महावितरणच्या १९१२ वर विचारा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार करा. तिथे तासातासाचा फरक पडतो.

एवढी चाळण लावली की ठाण्यातल्या घराला येणारी खरीखुरी ऑफर बहुधा एकाच प्रकारची उरते: गच्चीवरचं सोलर. पुढचं सगळं त्याबद्दल.

बिल हातात घेतल्याशिवाय बोलू नका

विक्रेता बिलाचा फोटो मागतो आणि दोन मिनिटांत टॅबवर बचतीचा आकडा दाखवतो. तो आकडा तुम्ही स्वतः काढायचा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहा. शेजारी दोन गोष्टी लिहा: मंजूर भार किती किलोवॅटचा आहे, आणि स्थिर आकार किती लागतो. मंजूर भार लिहायचा कारण सोलरची क्षमता त्याच्याशी जोडलेली असते. स्थिर आकार लिहायचा कारण तो सोलर बसवल्यावरही येतच राहतो. म्हणजे "शून्य बिल" हे पहिलंच वाक्य तिथे पडलं. बिल खूप कमी होऊ शकतं, पण शून्य होत नाही. हे स्वतःहून सांगणारा विक्रेता मला सातांत एकच भेटला.

आता टप्प्यांची गंमत बघा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभर युनिटपर्यंत स्वस्त, एकशे एक ते तीनशे महाग, त्यावर आणखी दोन टप्पे. समजा तुमचा महिन्याचा वापर २४० युनिट आहे. आपल्या भागात एक किलोवॅटचं सोलर वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला साधारण १२०. पहिला किलोवॅट बसवला की २४० वरून १२० वर आलात. वाचलेले सगळे युनिट महागड्या टप्प्यातले. दुसरा किलोवॅट उरलेले १२० खातो, पण त्यातले शंभर स्वस्त टप्प्यातले, म्हणून त्याची बचत कमी. आणि तिसरा किलोवॅट? त्याला खायला काही उरतच नाही. तरी दारात आलेला माणूस तीन किलोवॅटच सुचवतो, कारण अनुदान तीनवर सर्वात जास्त आहे. एसी लावायचाय, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, तर तीनचा विचार करा. नाहीतर तो तिसरा किलोवॅट तुम्ही त्याच्या टार्गेटसाठी घेताय.

टॅबवरच्या हिशेबात आणखी एक चलाखी असते. बचत मोजताना सगळे युनिट सर्वात वरच्या टप्प्याच्या दराने गुणलेले असतात. विचारा: "हा दर माझ्या बिलात कुठल्या ओळीवर आहे, दाखवा." आमच्याकडे आलेल्या एकाला ती ओळ सापडेना. तो म्हणाला, "सर, हा मार्केट ॲव्हरेज आहे." बिल माझं आणि ॲव्हरेज मार्केटचं!

नेट मीटरचा नियम थोडक्यात. तुमच्या सोलरची जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, तिचे युनिट तुमच्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या महिन्यात वळते होतात. आर्थिक वर्ष संपलं, म्हणजे ३१ मार्चला, की खात्यातली शिल्लक निकालात काढतात. त्या उरलेल्या युनिटचा मोबदला मिळतो, पण तुम्ही वीज घेता त्या दराने नाही. वर्ष एप्रिलपासून मोजतात हे आपल्या पथ्यावर पडतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हातली शिल्लक जुलैच्या अंधारात उपयोगी येते. येऊरच्या डोंगरावर ढग बसले की आमच्या गच्चीवरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, आठ-आठ दिवस अर्धपोटी असतो.

विक्रेत्याची परीक्षा घ्यायला माझा एक आवडता प्रश्न आहे: "लाइट गेल्यावर हे सोलर चालतं का?" नेहमीचं बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं. पडायलाच हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला त्याचा शॉक बसेल. जो बेधडक "हो हो, चालणार ना" म्हणतो, त्याच्या बाकीच्या बोलण्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

गच्ची कुणाची आणि सावली कुणाची

बेलापूर किंवा कोपरखैरणेत स्वतःचं रो हाउस असेल, तर हा भाग सोडून पुढे जा. फ्लॅटवाल्यांनो, गच्ची तुमची एकट्याची नाही. तुमच्या घरच्या मीटरसाठी पॅनल लावायचे तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी लावायचे, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी, तर विषय सर्वसाधारण सभेत घेऊन ठराव करा. कमिटीतल्या दोघांनी ऑफिसात बसून वीस वर्षांच्या करारावर सह्या ठोकल्या, तर पुढच्या कमिटीशी भांडण ठरलेलं. जमिनीचं हस्तांतरण अजून बिल्डरकडून झालेलं नसेल, तर गच्चीवरच्या हक्काचा प्रश्न आधी वकिलाकडून समजून घ्या.

जागा किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट. टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या वगळून मोजा.

सावलीचं मात्र बारकाईने बघा, कारण ठाण्यात आज मोकळं असलेलं आकाश तीन वर्षांनी मोकळं असेलच असं नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर. हिशेब सोपा आहे: दक्षिणेकडची इमारत तुमच्या गच्चीपेक्षा तीस मीटर उंच असेल, तर तिची सावली त्या दुपारी उत्तरेला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पडते. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आमच्या दक्षिणेला जुनी चार मजली सोसायटी आहे. तिचा पुनर्विकास घाटत होता. टॅबवरच्या चित्रात ती चार मजलीच होती. आम्ही विचारलं, "तिथे बावीस मजली झाली तर?" तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." वीस वर्षांच्या करारात हे उत्तर चालत नाही.

तोच प्रश्न स्वतःच्या इमारतीलाही लावा. नौपाडा, वर्तकनगरच्या वसाहती, नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी, सगळीकडे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सात वर्षांत इमारत पाडायची असेल, तर वीस वर्षांच्या करारावर सही कोण करणार? आणि ती मोडायची किंमत?

अनुदानाचं गणित

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. तीन किंवा त्याहून जास्तला एकूण ७८,००० आणि तिथेच मर्यादा. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये. पैसे सोलर सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात.

"अनुदान आमच्याकडे जमा होतं, म्हणून वजा करूनच किंमत सांगतो" असं घरगुती ग्राहकाला कुणी सांगितलं, तर खुलासा मागा. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे, ती यादी तिथे उघड्यावर बघता येते. आणि अनुदान हवं तर पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे लागतात. कोटेशनवर नुसतं "५४० वॅट पॅनल" असं असेल, तर कंपनी, मॉडेल आणि देशी सेलचा स्पष्ट उल्लेख लिहून घ्या.

पोर्टलवरची नोंदणी स्वतः करा. ग्राहक क्रमांक, मोबाइल, ओटीपी, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. दारातल्या माणसाला ओटीपी देऊन टाकला, की तुमच्या नावाचा अर्ज त्याच्या हातात आणि मग दुसऱ्या कुणाकडे जायचं तर आधी तो गुंता सोडवत बसा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं नेमकं हेच झालं, आणि त्यांना वाटत होतं की आपण फक्त "माहिती" घेतोय.

जीएसटीवर पण नजर टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवून देण्याच्या कामात ७० टक्के किंमत साहित्याची आणि ३० टक्के सेवेची धरतात, त्यामुळे एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. जुन्या कोटेशनचा फॉरमॅट वापरून जुनाच कर लावणारे अजून सापडतात.

करार: इथे वेळ घालवा

दोन प्रकार असतात. एकात तुम्ही सोलर विकत घेता. दुसऱ्यात कंपनी स्वतःच्या खर्चाने बसवते आणि तुम्ही तिच्याकडून युनिटच्या दराने वीज घेता. या दुसऱ्याला धंद्यात रेस्को म्हणतात. सोसायट्यांना हीच ऑफर जास्त येते, कारण "एक रुपया गुंतवायचा नाही" म्हटलं की सभेत हात पटापट वर होतात.

आमच्याकडे जी पहिली ऑफर आली ती हीच. पंधरा किलोवॅट, वीस वर्षं, युनिटला साडेचार रुपये. सगळे खूश. मसुदा मागितला तर म्हणाले, "सर, आधी संमतिपत्रावर सही करा, मसुदा लीगलकडून येईल. हा रेट महिनाअखेरपर्यंतच आहे." आमच्या खजिनदार वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "महिनाअखेर आमच्याकडे पण असायची. मसुदा पाठवा." अकरा दिवसांनी आला, चौतीस पानं. वहिनींनी पेन्सिल घेतली.

पान नऊवर ओळ होती: दर दरवर्षी पाच टक्के वाढेल. दिसायला पाचच टक्के. वहिनींनी एका वेगळ्या कागदावर मांडलं: पहिल्या वर्षी ४.५०, दहाव्या वर्षी ६.९८, पंधराव्या वर्षी ८.९१, विसाव्या वर्षी ११.३७. कंपनीच्या तक्त्यात तरीही बचत दिसत होती, कारण तिथे महावितरणचा दर दरवर्षी सहा टक्के वाढणार असं गृहीत धरलं होतं. तुम्ही उलट करून बघा. महावितरणचा दर आज आहे तिथेच ठेवा आणि फक्त कराराचा दर वाढवा. कुठल्या वर्षी तुम्ही तोट्यात जाता ते वर्ष शोधा. दर खरंच थिजून राहील असं नाही, पण त्या वर्षाच्या आधी बाहेर पडायची वाट करारात असली पाहिजे.

पान चौदावर 'डीम्ड जनरेशन'. म्हणजे सोसायटीच्या कारणामुळे प्लँट बंद राहिला, तर जेवढी वीज तयार झाली असती तिचे पैसे द्यायचे. सोसायटीचं कारण म्हणजे काय? गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाकीची दुरुस्ती, स्ट्रक्चरल ऑडिटनंतरचं काम. ठाण्यातल्या पावसात वीस वर्षांत गच्ची एकदाही न उकलणारी सोसायटी मला दाखवा. इथे आम्ही अडून बसलो: वर्षातले ठरावीक दिवस विनामोबदला, आणि वॉटरप्रूफिंगसाठी पॅनल काढून परत लावण्याचा खर्च एकदा कंपनीचा. गळतीचाही प्रश्न याच कलमात सोडवून घ्या. स्ट्रक्चरच्या पायासाठी स्लॅबला भोक पाडणार की वरच्या वर काँक्रीटचे ठोकळे ठेवणार? भोक पाडलं आणि खालच्या मजल्यावर ओल आली, तर दुरुस्ती कुणाची, किती वर्षं?

पान एकवीसवर बाहेर पडायची किंमत. सातव्या वर्षी प्लँट विकत घ्यायचा तर किती, बाराव्या वर्षी किती, याचा रुपयांत तक्ता पाहिजे. "परस्परसंमतीने ठरवलेली किंमत" असं लिहिलं असेल तर तिथे किंमत लिहिलेलीच नाही असं समजा. पुनर्विकास हे स्वतंत्र कारण म्हणून लिहून घ्या.

पुढची तीन कलमं वहिनींनी अधोरेखित केली तेव्हा मला त्यांचं महत्त्व कळलंही नव्हतं. पहिलं, नेट मीटरचे नियम बदलले तर नुकसान कुणाचं? मसुद्यात ते पूर्ण आमच्या अंगावर होतं. दुसरं, कंपनी हा करार आम्हाला न विचारता दुसऱ्या कुणालाही विकू शकत होती. तशी विक्री होते, त्यात गैर काही नाही, पण नव्या मालकाने जुन्या सगळ्या जबाबदाऱ्या लेखी स्वीकारल्या पाहिजेत. तिसरं, निर्मितीची हमी. "प्लँट उत्तम कार्यक्षमतेने चालवला जाईल" ही हमी नव्हे. वर्षाला इतके युनिट, कमी पडले तर युनिटमागे इतकी भरपाई, ही हमी.

विकत घेणाऱ्यांनी यातलं निम्मं वगळलं तरी चालेल, पण वॉरंटी वेगवेगळी वाचा. पॅनलच्या कार्यक्षमतेची पंचवीस वर्षं म्हणतात ती पॅनल बनवणाऱ्या कंपनीची हमी असते. पॅनल फुटलं, खराब निघालं याची मुदत वेगळी आणि कमी. इन्व्हर्टरची आणखी कमी, आणि आधी मान टाकतो तोच. सूर्यघर योजनेत विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करणं अपेक्षित आहे. त्यात पॅनल धुणं धरलंय का ते विचारा. पाणी कुणाचं, तेही. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा विनोदाचा विषय नाही.

स्ट्रक्चरचाही एक आकडा लक्षात ठेवा. भारतीय मानकात वाऱ्याच्या वेगाचा जो नकाशा आहे, त्यात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या घरात. इंजिनिअरच्या सहीचा डिझाइन रिपोर्ट मागा आणि त्यात कुठला वेग धरलाय ते बघा. निसर्ग आणि तौक्ते या दोन वादळांत पत्रे कसे उडाले होते ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. ऐरोली, वाशीत खाडीच्या काठावर असाल तर लोखंडावर जस्ताचा थर किती मायक्रॉनचा, हेही लिहून घ्या. खारं वारं कुणाची गय करत नाही.

वाद झाला तर कुठे जायचं, हे कलम शेवटच्या पानावर असतं आणि तिथे बहुधा दूरच्या एखाद्या शहराचं नाव असतं. बदलून घ्यायचा प्रयत्न कराच. पण नाही बदललं म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि सोसायटीलाही ग्राहक म्हणून जाता येतं. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलाचा किंवा नेट मीटर लावून न देण्याचा वाद महावितरणशी असेल, तर वाट वेगळी: आधी त्यांचा अंतर्गत कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. दोन्ही वाटा एकमेकांत मिसळू नका, नाहीतर इकडून तिकडे हेलपाटे.

कंपनी तपासायला एक रविवार

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की स्थापनेचं वर्ष दिसतं. दीड वर्षाची कंपनी वीस वर्षांची हमी देत असेल तर ती हमी किती वजनाची ते ओळखा. जीएसटी क्रमांक त्या पोर्टलवर टाकून चालू आहे ना बघा.

मग विक्रेत्याला तीन पत्ते मागा, पण दोन पावसाळे झालेल्या गच्च्यांचे. नवी कोरी गच्ची सगळ्यांचीच छान दिसते. तिथल्या सेक्रेटरीला फोन करून एकट्याने जा, विक्रेत्याच्या गाडीतून नको. त्यांना "कसं चाललंय" असं विचारू नका, "छान" असंच म्हणतात. सोलर लावण्याच्या आधीचं एक बिल आणि नंतरचं एक बिल बघायला मागा. आणि विचारा, इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? आम्ही माजिवड्याला एका गच्चीवर गेलो तेव्हा पॅनलांवर इतकी धूळ होती की कुणीतरी बोटाने बदाम काढून ठेवला होता. त्या कंपनीचं नाव आम्ही यादीतून तिथेच खोडलं.

पैसे देताना हप्ते कामाला बांधा: थोडे ऑर्डरला, मोठा भाग माल गच्चीवर उतरून मॉडेल नंबर जुळवल्यावर, आणि निदान दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागून पहिली नोंद झाल्यावर. पॅनल बसवणं चार दिवसांचं काम असतं, खरी रखडपट्टी पुढच्या कागदपत्रांत होते. तुमच्या हातात शेवटचा हप्ता नसेल तर विक्रेत्याचा फोन उचलायचा उत्साह ओसरतो. पैसे कंपनीच्या खात्यातच, "आमच्या मॅनेजरच्या यूपीआयवर" नाही.

आमच्या त्या पहिल्या कंपनीला आम्ही पेन्सिलीच्या खुणांसकट चौतीस पानं परत पाठवली. त्यांनी उत्तर दिलं नाही. वर्षभराने दुसऱ्या कंपनीशी झालं: बारा वर्षं, दोन टक्के वाढ, बाहेर पडण्याचा तक्ता, पुनर्विकासाचं कलम. पहिला दर साडेचारपेक्षा जास्त होता आणि सभेत त्यावरून एका सभासदाने अर्धा तास घेतला. वहिनींनी त्याच्यासमोर तो पेन्सिलीचा कागद ठेवला.

सोलर सुरू झाल्यावर पहिली तीन बिलं मीटरशी ताडून बघा: जाळ्यातून घेतलेले युनिट, जाळ्यात दिलेले युनिट, पुढे ओढलेली शिल्लक. रीडिंगच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवायचा, ३१ मार्चला तर चुकवायचाच नाही. आमच्याकडे हे काम वॉचमन करतो. सकाळी पंप लावला की तो नेट मीटरच्या पेटीसमोर उभा राहतो आणि कमिटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. मागच्या मार्चमध्ये फोटोत आकडे कमी आणि पेटीवर झोपलेली मांजर जास्त आली होती. त्याला परत पाठवलं.